मुदत गेल्यावर दावा दुरुस्त करण्याची सोपी पद्धत

सर्वप्रथम मुदत संपू द्यावी. नवशिक्यांना ही पायरी अवघड वाटते, पण तिच्यासाठी हातपाय हलवावे लागत नाहीत. साठेखत कपाटात ठेवावे, विसाराची पावती त्याच्या घडीत सरकवावी. जागामालक रस्त्यात भेटला की ‘काय दादा, खरेदीखताचं कधी बघायचं?’ असे विचारावे आणि त्याने ‘एवढी दिवाळी होऊन जाऊ द्या’ म्हटले की निर्धास्त घरी यावे. अशा तीन दिवाळ्या झाल्या की काम फत्ते. फक्त साठेखतात खरेदीखताची तारीख ठरलेली असावी. ती नसेल तर मुदत मालकाने नकार दिल्याचे कळल्यापासून मोजतात आणि तुमचा हक्क विनाकारण जिवंत राहतो.

कोणत्या कामाला किती वाट पाहायची हे मुदत अधिनियम, 1963 च्या शेवटी जोडलेल्या अनुसूचीत दिले आहे. उसने दिलेले पैसे तीन वर्षे. करारपूर्ती तीन वर्षे. दस्त रद्द करून घ्यायचा असेल तर तो रद्द करण्याजोगा आहे हे कळल्यापासून तीन वर्षे. मालकी हक्काच्या जोरावर ताबा मागायचा असेल तर बारा वर्षे, त्यामुळे या प्रकारात जरा धीर लागतो. तक्त्यात ‘घरात लग्न होते’, ‘भावाशी बोलणी चालू होती’ यांसाठी रकाना नाही.

इथे नवशिक्याच्या मदतीला एक फार जुना समज धावून येतो: उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज टाकता येतो. येतो, पण अपिलात आणि काही अर्जांत. अधिनियमाचे कलम 5 दाव्याला लागूच नाही. दुसरा समज असा, की प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तर आपण सुटलो. कलम 3 सांगते, की प्रतिवादी गप्प बसला तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळायचाच. सवलती आहेत, पण त्या मोजून दिलेल्या आहेत. शेवटचा दिवस मे महिन्याच्या सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा घेतात. कोरोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता, आणि काही पक्षकार अजून त्याच काळात राहतात. देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर मुदत नव्याने सुरू होते, मात्र ती कबुली जुनी मुदत जिवंत असताना दिलेली हवी.

आता महत्त्वाची गोष्ट. मुदत संपण्यापूर्वी काहीतरी दाखल झालेले असावे. काहीच दाखल नसेल तर दुरुस्त काय करणार? म्हणून अर्धा दावा लावावा. त्याची पद्धत अशी: मालक दुसरे गिऱ्हाईक जागेवर घेऊन आला, मोजणीवाला येऊन गेला, असे कळताच तालुक्याला वकिलांकडे धावावे आणि म्हणावे, ‘साहेब, बाकीचं नंतर बघू, आधी त्याला अडवा.’ वकीलसाहेब निरंतर मनाईचा दावा लिहितील. प्रतिवादीने मिळकत तिसऱ्याला विकू नये, बोजा निर्माण करू नये, वादीला अडथळा करू नये, एवढेच मागतील. करारपूर्ती मागायची म्हणजे ठरलेल्या किमतीवर कोर्ट फी भरावी लागते, तेव्हा ते ‘नंतर बघू’ मध्येच असू द्यावे. दाव्यासोबत निशाणी 5 चा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज जातो. त्यावर म्हणणे, प्रतिम्हणणे, युक्तिवाद, हुकूम आणि हुकमावर अपील होईपर्यंत मूळ वादपत्रात काय मागितले होते हे दोन्ही बाजूंच्या लक्षात राहत नाही.

ते एकाच्याच लक्षात राहते. प्रतिवादीच्या वकिलांच्या. पण ते उलटतपासापर्यंत बोलत नाहीत.

‘तुमचं म्हणणं, साठेखताप्रमाणे उरलेली रक्कम द्यायला तुम्ही तयार होता?’

‘होय साहेब. आजही तयार आहे.’

‘खरेदीखत करून द्या, असं या दाव्यात मागितलंय का?’

‘…आमचं साठेखतच आहे ना.’

‘मागितलंय का, ते सांगा.’

‘वकीलसाहेबांनी घातलं असेल.’

‘नाही मागितलं, हे म्हणणं खरं की खोटं?’

‘…खरं.’

रोजनाम्यात उलटतपास पूर्ण झाल्याची नोंद होते. बाहेर वऱ्हांड्यात आल्यावर वकीलसाहेब म्हणतात, ‘काळजी करू नका, दुरुस्ती टाकू.’ इथून आपली मार्गदर्शिका खऱ्या अर्थाने सुरू होते.

दुरुस्तीचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 17 खाली करतात. कामकाजाच्या कोणत्याही टप्प्यावर कोर्ट न्याय्य वाटतील त्या अटींवर दुरुस्तीला परवानगी देऊ शकते आणि खऱ्या वादाचा निकाल लागण्यासाठी जेवढ्या दुरुस्त्या गरजेच्या असतील तेवढ्या करू द्यायच्या, असे हा नियम म्हणतो. वाचल्यावर नवशिक्याचा ऊर भरून येतो. त्या आनंदात त्याने लगेच पुढचे परंतुक वाचू नये. आधी थोडा इतिहास घ्यावा, कारण अर्जावरच्या युक्तिवादात तोच चालतो.

मुंबई उच्च न्यायालयात 1909 साली किसनदास रूपचंद विरुद्ध रचप्पा विठोबा हे प्रकरण आले. वादींचे म्हणणे होते, की भागीदारीच्या करारापोटी आम्ही प्रतिवादींना 4,001 रुपयांचे कापड दिले. मागणी होती भागीदारी मोडून हिशेब करून देण्याची. खालच्या कोर्टाला कापड दिल्याचे पटले, पण भागीदारी झाल्याचे पटले नाही. म्हणजे माल गेला हे सिद्ध आणि दावा मात्र शून्य. अपिलात वादींनी भागीदारीचा नाद सोडला आणि सरळ 4,001 रुपये द्या, अशी मागणी घालू देण्याची विनंती केली. तोवर त्या पैशांच्या दाव्याची मुदत संपली होती. तरीही दुरुस्ती मान्य झाली. न्यायमूर्ती बॅचलर यांनी दोन कसोट्या सांगितल्या: समोरच्यावर अन्याय होऊ नये आणि दोघांमधला खरा प्रश्न सुटण्यासाठी ती दुरुस्ती गरजेची असावी. त्यातला अन्याय म्हणजे नुसता त्रास नव्हे. खर्च देऊन भरून न येणारे नुकसान, तो अन्याय. कापडाची गोष्ट वादपत्रात पहिल्यापासून होती. तारीख, माल, किंमत, घेणारा, सगळे. बदलले ते फक्त शेवटी मागितलेले फळ.

हा निकाल आजही महाराष्ट्रातल्या कोर्टांत रोज कोणाच्या ना कोणाच्या अर्जाला चिकटवलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये पिरगोंडा पाटील विरुद्ध कलगोंडा पाटील या प्रकरणात बॅचलर यांच्या कसोट्या उचलून धरल्या. त्याच वर्षीच्या लीच कंपनीच्या निकालात असे सांगितले, की दुरुस्तीच्या अर्जाच्या तारखेला नवा दावा मुदतबाह्य ठरणार असेल तर कोर्ट साधारणपणे परवानगी नाकारते, पण तेवढ्याने कोर्टाचा अधिकार संपत नाही. परवानगी द्यायची की नाही हे ठरवताना विचारात घ्यायच्या गोष्टींपैकी ती एक. नवशिक्याने यातला उत्तरार्ध ठळक शाईत टंकावा. पूर्वार्ध प्रतिवादी ठळक करेलच.

प्रतिवादीचा आवडता निकाल त्याहून जुना, 1887 चा, लंडनचा. जॉर्जिना वेल्डन या गायिकेला तिच्या नवऱ्याने 1878 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात टाकण्याचा घाट घातला होता. ती निसटली. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा लावण्याची मुभा देणारा 1882 चा कायदा अमलात आला, तशी ती त्या प्रकरणातल्या लोकांवर एकामागून एक दावे लावत सुटली आणि स्वतःच उभी राहून ते चालवू लागली. नील नावाच्या माणसावर तिने बदनामीचा दावा लावला होता. पुढे त्यात तिला मारहाण आणि बेकायदा डांबून ठेवणे हेही घालायचे होते. त्यांची मुदत उलटून गेली होती. लॉर्ड ईशर यांनी नाही म्हटले: दुरुस्तीच्या दिवशी समोरच्याला जो हक्क मिळून चुकला आहे, तो दुरुस्तीच्या वाटेने काढून घेता येणार नाही. बाईंनी इतरांना पुष्कळ छळले असेल, पण आपल्याकडच्या प्रतिवादीच्या वकिलांना त्यांनी कायमचे ऋणी करून ठेवले आहे.

कापडवाल्यांना मिळाले आणि गायिकेला नाही, यातली मेख नवशिक्याने इथेच समजून घ्यावी, म्हणजे पुढची मार्गदर्शिका वाचायची गरज उरणार नाही. बॅचलर यांच्यासमोर कहाणी जुनीच होती, मागणी नवी होती. ईशर यांच्यासमोर कहाणीच नवी होती. वादपत्राच्या पोटात घटना लिहिलेल्या असतील तर तळाची विनंती बदलता येते, निदान तशी आशा असते. घटनाच लिहिलेल्या नसतील तर मुदत संपल्यावर त्या पोटात घालता येत नाहीत. लोक नेमके उलटे करतात. विनंतीत ‘आणि मेहेरबान कोर्टास योग्य वाटेल तो इतर हुकूम व्हावा’ हे न विसरता लिहितात आणि विसार कधी, किती, कोणासमोर दिला ही ओळ गाळतात. ‘योग्य वाटेल तो इतर हुकूम’ या ओळीवर खरेदीखत मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता आपल्या साठेखतवाल्याकडे परत. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाने त्याला दोन पळवाटा दिल्या आहेत. करारपूर्ती मागितली आणि ताबा मागायचा राहिला, किंवा विसार परत मागायचा राहिला, तर कलम 22 म्हणते, की कोणत्याही टप्प्यावर दुरुस्ती करू द्यावी. नुकसानभरपाई राहिली तर कलम 21 तेच म्हणते. संसदेने इतक्या स्पष्ट शब्दांत विसराळूंची सोय क्वचितच केली असेल. फक्त अट एवढी, की करारपूर्ती तरी आठवणीने मागितलेली असावी. आपल्या माणसाने तीच मागितलेली नाही. मनाईच्या दाव्यात सात वर्षांनी करारपूर्ती घालायची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये के. रहेजा कन्स्ट्रक्शन्स विरुद्ध अलायन्स मिनिस्ट्रीज या प्रकरणात नाकारली. वनविभागाच्या कर्मचाऱ्यांच्या एका गृहनिर्माण संस्थेने अकरा वर्षांनी तोच प्रयत्न केला, तिला 2010 मध्ये तोच निकाल मिळाला. ‘मग नवा दावा लावू’ हा उपाय सुचला तर आदेश 2, नियम 2 पाहावा. एकाच कारणातून निघणारी मागणी पहिल्या दाव्यात गाळली तर तिच्यासाठी पुन्हा येता येत नाही. त्यामुळे आपल्या माणसाला जुन्या दाव्याची दुरुस्ती एवढेच दार उरते, आणि त्या दारावर रहेजांचा निकाल लावलेला आहे.

तरी घाबरू नये. दोन्ही बाजूंचे निकाल मिळतात, हीच आपल्या कायद्याची श्रीमंती. ए. के. गुप्ता अँड सन्स या ठेकेदाराने दामोदर खोरे महामंडळाविरुद्ध करारातल्या एका कलमाचा अर्थ ठरवून मागितला: मजुरी वाढल्यामुळे 20 टक्के जादा मिळायला हवेत. पैसे मागितलेच नाहीत. नुसते जाहीर करून मागणारा दावा चालत नाही म्हणून उच्च न्यायालयात हरला. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात बहुमताने त्याला पैशांची मागणी घालू दिली गेली, मुदत गेलेली असूनही. पुढे मुनीलाल नावाच्या ट्रकमालकाचे विमा कंपनीविरुद्धचे प्रकरण त्याच कोर्टात आले. त्यानेही आपण संपूर्ण नुकसानीच्या भरपाईला पात्र आहोत एवढे जाहीर करून मागितले, पैसे मागितले नाहीत, अपिलात दुरुस्ती मागितली. त्याला मिळाली नाही. दोघांमधला फरक पट्टीचे वकील तासभर समजावून सांगू शकतात. मला तो तासभर समजतो, नंतर नाही. गुप्तांच्या निकालात तीनपैकी एक न्यायमूर्ती विरोधात होते, हेही नवशिक्याने लक्षात ठेवावे. तुमचा अर्ज कोणत्या स्वभावाच्या न्यायाधीशांपुढे जातो, याला निकालांच्या गठ्ठ्याइतकेच वजन आहे.

मघाशी बाजूला ठेवलेले परंतुक आता वाचावे लागेल. 1999 मध्ये संसदेने नियम 17 च काढून टाकायचे ठरवले. दावे रेंगाळतात ते दुरुस्त्यांमुळे, असे कारण होते. वकिलांनी आंदोलने केली. शेवटी 2002 च्या दुरुस्तीने नियम परत आला, पण शेपूट लावून: 1 जुलै 2002 पासून, सुनावणी सुरू झाल्यानंतर दुरुस्ती मिळणार नाही, जोवर कोर्टाची खात्री पटत नाही, की योग्य ती तत्परता दाखवूनही हा मुद्दा आधी मांडणे शक्य नव्हते. विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निकालानुसार साक्षीचे प्रतिज्ञापत्र दाखल झाले की सुनावणी सुरू झाली असे धरतात. आपला माणूस तर उलटतपासही देऊन बसला आहे. कपाटातल्या साठेखताबाबत तत्परता कशी दाखवायची, हा आता लेखनकौशल्याचा प्रश्न आहे.

सर्वत्र चालणारा मसुदा असा: ‘सदर बाब नजरचुकीने व अनवधानाने नमूद करावयाची राहून गेली आहे. सदर दुरुस्तीने दाव्याचे स्वरूप बदलत नाही. दुरुस्ती न झाल्यास वादीचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल, उलट झाल्यास प्रतिवादीचे काहीही नुकसान नाही.’ या मसुद्याचा दोष एवढाच, की ‘नजरचुकीने’ आणि ‘तत्परता दाखवूनही’ ही दोन विधाने एकमेकांच्या तोंडावर मारतात. नजर चुकली म्हणजे तत्परता नव्हती. तत्परता होती तर नजर कशी चुकली? हे प्रतिवादीच्या लक्षात येतेच असे नाही, कारण त्याचेही म्हणणे छापील असते: ‘अर्जातील संपूर्ण मजकूर खोटा व लबाडीचा असून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ यात अर्जदाराचे नाव आणि पत्ताही खोटा व लबाडीचा ठरतो, पण त्याचे कोणी मनावर घेत नाही.

काही जण तिसरी वाट धरतात. वकील बदलतात आणि नवे वकील लिहितात, की आधीच्या विद्वान वकिलांनी योग्य सल्ला दिला नाही. हे वाक्य जपून वापरावे. कोर्टाला ते रोज वाचायला मिळते. शिवाय आधीचे विद्वान वकील त्याच बारच्या खोलीत, त्याच टेबलावर चहा घेत असतात.

मुदतीच्या प्रश्नावर कोर्टे हल्ली एक मधला मार्ग काढतात. मुदत खरेच संपली का, याबद्दल वाजवी वाद असेल, म्हणजे मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची हाच प्रश्न असेल, तर दुरुस्ती होऊ द्यायची आणि मुदतीचा मुद्दा काढून पुराव्यानंतर ठरवायचे. पंकजा विरुद्ध येल्लप्पा या 2004 च्या निकालाने ही वाट रुळवली. अर्ज मंजूर झाल्याचा हुकूम ऐकून नवशिके पेढे आणतात. त्यांनी हुकमाची शेवटची ओळ वाचावी: ‘मुदतीचा मुद्दा खुला ठेवण्यात येत आहे.’ म्हणजे आज दुरुस्ती मिळाली, दावा आणखी काही वर्षांनी मुदतीवरच जाऊ शकतो. 2001 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तसे झाले. मुले अज्ञान असताना आईने विकलेली जमीन मुलांनी परत मागितली, पण खरेदीखते रद्द करून मागायचे राहिले. ती मागणी नंतर दुरुस्तीने आत आली. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ती आत आली तेव्हाच मुदतबाह्य होती.

कारण दुरुस्ती मंजूर झाली की ती दाव्याच्या पहिल्या तारखेपासूनच होती असे मानतात, हा सर्वसाधारण नियम आहे, हक्क नव्हे. संपतकुमार विरुद्ध अय्याकण्णू या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 1988 च्या मनाईच्या दाव्यात अकरा वर्षांनी मालकी आणि ताब्याची मागणी घालू दिली, पण ती मागणी दुरुस्तीच्या अर्जाच्या तारखेपासूनच केली असे समजावे, असेही सांगितले. ताब्याला बारा वर्षे असल्याने त्या वादीचे भागले. तीन वर्षांवाल्याचे भागत नाही. अर्जात ‘सदर दुरुस्ती दावा दाखल तारखेपासून अमलात यावी’ ही ओळ घालायला विसरू नये. ती घालून मिळतेच असे नाही, पण न घालता मागायची संधीही जाते.

खचलेल्या नवशिक्यासाठी मुंबईतली एक गोष्ट राखून ठेवली आहे. संजीव बिल्डर्स यांनी आयुर्विमा महामंडळाविरुद्ध 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात करारपूर्तीचा दावा लावला. पर्यायी मागणी नुकसानभरपाईची होती, कोटभर रुपयांची. एकतीस वर्षांनी, 2017 मध्ये, त्यांना तो आकडा शेकडो कोटींवर न्यायचा होता. महामंडळाने मुदत सांगितली, उशीर सांगितला, आदेश 2, नियम 2 ही सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दुरुस्ती कायम ठेवली: नुसता उशीर हे नाकारण्याचे कारण नाही, दुरुस्ती त्याच दाव्यात होत असल्याने नियम 2 आड येत नाही आणि कहाणी तीच आहे. इथेही मागणी नवी नव्हती, पहिल्या दिवसापासून कागदावर होती. वाढला तो आकडा. तेव्हा वादपत्र लिहिताना नुकसानभरपाईची एक ओळ टाकून ठेवावी, आकडा थोडका का असेना.

प्रतिवादींसाठी फारसे सांगण्यासारखे नाही. कैफियतीच्या दुरुस्तीकडे कोर्टे जरा मोकळ्या मनाने पाहतात, परस्परविरोधी बचावही चालतात. फक्त एकदा दिलेली स्पष्ट कबुली दुरुस्तीच्या नावाखाली परत घेता येत नाही. पक्षकार राहून गेला असेल, आणि वाटपाच्या दाव्यात आपल्याकडे हमखास बहीणच राहते, तर मुदत अधिनियमाचे कलम 21 वाचावे: नव्या पक्षकारापुरता दावा त्याला आत घेतल्याच्या दिवशी लावला असे धरतात, सद्भावनेने चूक झाल्याचे कोर्टाला पटले तरच आधीची तारीख मिळते. बहीण आहे हे माहीत नव्हते, असे प्रतिज्ञापत्र कृपया करू नये.

आता उरली शेवटची यांत्रिक कामे, आणि आश्चर्य म्हणजे अनेक जण जिंकलेला अर्ज इथे घालवतात. अर्जात नुसते ‘दुरुस्ती करू द्यावी’ लिहून भागत नाही. परिच्छेद 6 नंतर 6-अ, विनंतीत ‘ब’ नंतर ‘ब-1’, असा नेमका मजकूर द्यावा. नव्या मागणीची वाढीव कोर्ट फी भरावी. किंमत वाढल्याने दावा कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांच्या अधिकाराबाहेर जात नाही ना, हे आधी पाहावे. खर्चाचा हुकूम असेल तर ती रक्कम त्याच आठवड्यात जमा करावी. मग मूळ वादपत्रावर लाल शाईने दुरुस्ती चढवावी. हुकमात वेळ दिलेली नसेल तर आदेश 6, नियम 18 प्रमाणे चौदा दिवसांत. तेवढ्यात केली नाही, आणि कोर्टाने मुदत वाढवून दिली नाही, तर परवानगी हातात असूनही दुरुस्ती करता येत नाही. वर्षानुवर्षांची मुदत घालवलेला माणूस हे चौदा दिवस तर सहज घालवतो. प्रतिवादी संविधानाच्या अनुच्छेद 227 खाली मुंबई, नागपूर, औरंगाबाद किंवा आता कोल्हापूरला उच्च न्यायालयात जाईल, त्याची वाट पाहत थांबू नये. स्थगिती येईपर्यंत चौदा दिवस चालूच असतात. दुरुस्त वादपत्राची प्रत प्रतिवादीच्या वकिलांना देऊन पोच घ्यावी, जादा कैफियतीसाठी ते वेळ मागतील तो मागू द्यावा, आणि पुढची तारीख कोणी सांगितली म्हणून धरू नये, रोजनाम्यात स्वतः वाचून घ्यावी.